ब्रिटनच्या बागेत केळ, कर्दळ आणि अळू : हिवाळ्यात झाडाचा कोणता भाग वाचवायचा

ब्रिटनमध्ये परसदारी केळ लावायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "ही उणे किती अंशांपर्यंत टिकते?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या त्या उत्तरानं झाड वाचत नाही. एकाच जातीची केळ निचऱ्याच्या, उतारावरच्या जमिनीत उणे 8 अंश सोसून वसंतात पुन्हा फुटते आणि सखल, चिकणमातीच्या बागेत उणे 3 लाच सडते. म्हणून आधी विचारायचं ते हे, की या झाडाचा जीव कुठल्या भागात आहे आणि तो भाग हिवाळाभर कोरडा, न गोठता ठेवता येईल का? केळीचा जीव जमिनीतल्या गड्ड्यात असतो, ट्री फर्नचा (झाडासारखं खोड असलेल्या नेच्याचा) शेंड्यात, पामचा पोंग्यात आणि डेलियाचा कंद व देठ जिथे जुळतात त्या मानेत. बाकीचं झाड गेलं तरी चालतं. हे एकदा कळलं की काड कुठे भरायचं, झाकण कुठे घालायचं आणि कुठलं झाड सरळ उपटून गॅरेजमध्ये न्यायचं, ते ठरवणं सोपं जातं.

थंडी झाडाचं काय बिघडवते

थंडीची इजा दोन तऱ्हांनी होते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कढीपत्ता, हळद, खाण्याच्या केळी अशा अस्सल उष्ण कटिबंधातल्या झाडांना पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. त्यांच्या पेशींभोवतीचं पातळ आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. तापमान 10-12 अंशांच्या खाली राहिलं की थंडीत तूप थिजावं तसं ते ताठरतं. पेशीत काय घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं यावरचा ताबा सुटतो, मुळं पाणी ओढेनाशी होतात, पानं पिवळी पडून गळतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी घालतो, आणि थंड ओल्या मातीत मुळं कुजून झाड मरतं. घरात ठेवलेली निम्मी झाडं अशीच जातात असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

दुसरी इजा प्रत्यक्ष गोठण्याची. बर्फ सहसा आधी पेशींच्या मधल्या पोकळीत तयार होतो आणि तो पेशीतलं पाणी बाहेर खेचतो. म्हणजे झाड थंडीत एका अर्थी आतून वाळतं. थंडीला सरावलेली झाडं शरद ऋतूत दिवस लहान आणि रात्री गार होत जातात तसतशी पेशींमध्ये साखर वाढवतात आणि आवरणाची घडण बदलतात. या तयारीला काही आठवडे लागतात. त्यामुळे उबदार ऑक्टोबरनंतर एका रात्रीत आलेली उणे 4 ची थंडी जानेवारीतल्या उणे 6 पेक्षा जास्त नासधूस करू शकते. ऑगस्टनंतर नत्राचं खत घालू नये याचंही कारण हेच. त्या खतानं आलेली लुसलुशीत वाढ तयारी न करताच हिवाळ्यात शिरते.

यात भर पडते ओलीची, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यांत अवघड जाते. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण 600 मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. पण तो बारा महिने थोडाथोडा पडतो आणि हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं असतं की जमीन सुकतच नाही. आपल्याकडे हळद, अळू, सोनटक्का पावसाळ्यात वाढतात आणि पुढे कोरड्या महिन्यांत विसावतात. ब्रिटनमध्ये हे चक्र उलटं फिरतं. विश्रांतीच्या नेमक्या काळात कंदाभोवती चिखल असतो. पाण्यानं भरलेल्या मातीत हवा खेळत नाही, कंद गुदमरतो आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांच्यासारखे कुजवणारे रोगजंतू त्यात शिरतात. असा कंद मार्चमध्ये उकरला तर हाताला मऊ लागतो आणि आंबूस वास येतो. गोठून मेलेला आणि कुजून मेलेला कंद शेवटी सारखाच दिसत असल्यामुळे दोष थंडीवर जातो.

तिसरी कमतरता उजेडाची. डिसेंबरच्या शेवटी लंडनमध्ये दिवस जेमतेम 8 तासांचा असतो, एडिंबरामध्ये 7 तासांचा. मुंबईत त्याच दिवशी सुमारे 11 तास उजेड मिळतो. हीटर लावलेल्या खोलीत झाड उबेला आणि अंधाराला एकाच वेळी तोंड देतं. उबेमुळे ते फुटत राहतं, उजेड नसल्यामुळे ती फूट लांबट, फिकट, कमजोर येते आणि मावा व लाल कोळी तिच्यावर तुटून पडतात. बहुतेक झाडांना हिवाळ्यात उबेपेक्षा गार, उजेडाची, जवळजवळ कोरडी विश्रांती जास्त मानवते.

आकडे वाचताना

ब्रिटनच्या नर्सरीत रोपाच्या चिठ्ठीवर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेनं दिलेली, झाड किती थंडी सोसतं ते सांगणारी श्रेणी लिहिलेली असते. एच1ए म्हणजे 15 अंशांच्या वर ठेवायचं, एच1बी म्हणजे 10 ते 15, एच1सी म्हणजे 5 ते 10. एच2 ला 1 ते 5 अंश चालतात, गोठणं चालत नाही. एच3 उणे 5 पर्यंत, एच4 उणे 10, एच5 उणे 15, एच6 उणे 20, आणि एच7 त्याहूनही खाली. चिनी पाम एच5 आहे, ट्री फर्न एच3. आणि ब्रिटनभर बागांमध्ये दिसणारी जपानी केळ, म्युसा बास्जू, फक्त एच2! कारण हा आकडा जमिनीवरच्या हिरव्या झाडाचा आहे. पानं शून्याला काळी पडतात, पण आच्छादनाखालचा गड्डा उणे 10 च्या आसपासची थंडीही काढतो. श्रेणी झाडाच्या कुठल्या भागाबद्दल बोलते आहे हे लक्षात घेतलं नाही तर माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच धाडस करतो.

हवामान खात्याचा आकडाही जपून वाचायचा. हवेचं तापमान जमिनीपासून 1.25 मीटर उंचीवर मोजतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता झपाट्यानं वर सोडते, आणि अंदाजात 3 अंश असले तरी गवतावर फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, दिसू शकतं. ढगाळ रात्री तसं होत नाही. म्हणून संध्याकाळी आकडा बघण्याआधी वर आकाश बघावं. चांदण्या लख्ख दिसत असतील तर झाकणं घालावीत.

जागा

"ब्रिटनची थंडी" अशी एकच एक थंडी नाही. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे पश्चिम किनारा सौम्य राहतो. कॉर्नवॉलच्या टोकापलीकडे सिली बेटांमध्ये ट्रेस्को ॲबी गार्डन आहे. ऑगस्टस स्मिथनं 1834 पासून ती उभी केली, आणि इंग्लंडमध्ये इतरत्र काचेखालीच जगतील अशी झाडं तिथे उघड्यावर वाढतात. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर इनव्हर्यू ही बाग तर मॉस्कोपेक्षाही उत्तरेला आहे. ऑसगुड मॅकेन्झीनं 1862 मध्ये ती सुरू केली तेव्हा तिथे उघडा खडक आणि खारा वारा होता. त्यानं आधी पाइनची रांग लावली आणि नाजूक झाडं लावण्यासाठी ती मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं थांबला. वारा पानं फाडतो, त्यांना वाळवतो आणि झाकणं उडवतो. आडोसा आधी, झाड नंतर, हा क्रम आजही बदललेला नाही. ट्रेस्कोवर 1987 च्या जानेवारीत कडक थंडीनं मोठं नुकसान केलं आणि 1990 च्या वादळानं आडोशाची बहुतेक झाडं पाडली. आडोशाची रांग पुन्हा लावल्याशिवाय बाग सावरणं शक्यच नव्हतं.

पण सौम्य हिवाळा म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. पश्चिम स्कॉटलंडमध्ये उन्हाळा गार आणि ओला असतो. तिथे ट्री फर्न सुखात राहतो, कर्दळ मात्र सप्टेंबर आला तरी फुलायला तयार नसते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये हिवाळ्यात जास्त फ्रॉस्ट पडतो, तरी उन्हाळ्याच्या उबेमुळे कर्दळ, केळ, अळू जोमानं वाढतात. ईस्ट ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर इथे क्रिस्टोफर लॉइड आणि फर्गस गॅरेट यांनी 1993 मध्ये जुनी गुलाबाची बाग काढून तिथे केळी, कर्दळी, डेलियांची दाट बाग केली. आग्नेयेचा तो उन्हाळा आणि भोवतीच्या कुंपणाचा आडोसा यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या गावचा उन्हाळा कसा आहे हे हिवाळ्याइतकंच विचारात घ्यावं.

बागेच्या आतही जागा सारखी नसते. थंड हवा जड असते, ती उतारानं वाहून सखल कोपऱ्यात किंवा भरीव कुंपणामागे साचते. तिथे नाजूक झाड लावू नये. दक्षिण किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते, म्हणून ती उत्तम. पूर्वेची भिंत फसवी असते, कारण गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन थेट पडून त्या झपाट्यानं वितळतात आणि करपतात. भिंतीला अगदी चिकटून माती कोरडी राहते, तेव्हा 40-50 सेंटिमीटर सोडून लावावं.

माती चिकण असेल तर खड्ड्यात नुसती खडी ओतून काम होत नाही. तो खड्डा भोवतालच्या जमिनीचं पाणी गोळा करणारा हौद होतो. त्यापेक्षा 20-30 सेंटिमीटर उंच वाफा करावा, आणि त्याच्या मातीत साधारण एक तृतीयांश बारीक खडी व तेवढंच कुजलेलं खत मिसळावं.

केळ

म्युसा बास्जूची फळं खाण्याजोगी नसतात, हे आधीच सांगितलेलं बरं. ती लावायची पानांसाठी. मूळ दक्षिण चीनमधली ही जात ब्रिटनच्या जमिनीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या केळींमध्ये सर्वांत भरवशाची. लागवड मे अखेर किंवा जूनमध्ये करावी, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी गड्डा भरतो. सप्टेंबरात स्वस्त मिळालेलं रोप जमिनीत न लावता कुंडीतच आत ठेवून पुढच्या वर्षी बाहेर काढावं.

केळ फार खादाड आहे. एप्रिलमध्ये बुंध्याभोवती 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या शेणखताचा किंवा घोड्याच्या लिदीच्या खताचा थर द्यावा, बुंध्याला न चिकटवता. जून-जुलैत नत्राचं खत, ऑगस्टमध्ये टोमॅटोला देतात ते पालाशाचं द्रवखत, सप्टेंबरपासून काहीच नाही. कोरड्या, उन्हाच्या आठवड्यात मोठ्या झाडाला एका वेळी 10-20 लिटर पाणी सहज लागतं.

हिवाळ्याची तयारी पहिल्या खऱ्या फ्रॉस्टनं पानं काळी पडली की करावी. बहुतेक ठिकाणी हा काळ ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य असतो. फार आधी गुंडाळलं तर आत ऊब आणि ओल साचून बुंधा कुजतो. आता ठरवायचं की उंची वाचवायची आहे का. नको असेल तर बुंधा 30 सेंटिमीटरवर कापून त्यावर तेवढाच उंच कोरड्या काडाचा किंवा भुशाचा ढीग करावा आणि पाणी निथळेल असं काही वर झाकावं. गड्डा वाचतो आणि मेमध्ये मुनवे फुटतात. पण दर वर्षी शून्यापासून सुरुवात होत असल्यामुळे झाड दीड-दोन मीटरच्या वर फारसं जात नाही.

उंच केळ हवी असेल तर बुंधा जपावा लागतो. पानं देठाशी कापावीत, बुंधा 1 ते 1.5 मीटर ठेवावा. भोवती चार खुंट्या ठोकून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गोल बांधावी, बुंध्यापासून प्रत्येक बाजूला 20-30 सेंटिमीटर अंतर सोडून. त्यात गव्हाचं कोरडं काड भरावं. दाबू नये, कारण ऊब धरते ती काडातली हवा. वाळलेलं गवत वापरू नये, ते ओल धरून बसतं, आणि झाडांचा पालाही चपटा होऊन कुजतो. वरून पाणी आत जाणार नाही असं झाकण हवं, मग तो पत्र्याचा तुकडा असो, उलटी टाकलेली कुंडी असो की प्लास्टिक. बाजूंना मात्र प्लास्टिक कधीच गुंडाळू नये. आतली वाफ प्लास्टिकवर जमून बुंध्यावर ठिबकत राहते आणि तो आतून पाणीदार होतो. बाजूंना गोणपाट किंवा फ्लीस चालतं. फ्लीस म्हणजे महाराष्ट्रात कलिंगडाच्या रोपांवर टाकतात ते पांढरं क्रॉप कव्हर. चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचं फ्लीस साधारण 2 अंशांचं संरक्षण देतं, 30 ग्रॅमचं किंवा दुहेरी घातलेलं त्याहून थोडं जास्त. पण ते ओलं होऊन पानाला चिकटलं तर नेमक्या त्या जागी पान गोठतं.

मार्च अखेर ते एप्रिल मध्य या काळात काड काढावं. बुंध्याचा शेंडा बहुधा मऊ झालेला असतो. धारदार चाकूनं वरून चार-पाच सेंटिमीटरच्या चकत्या करत खाली यावं, आतला गाभा पांढरा आणि टणक लागला की थांबावं. मधल्या पोंग्याला इजा नसेल तर आठवड्याभरात तो त्या कापातूनच वर सरकलेला दिसतो. काडात गोगलगायी आणि उंदीर मुक्कामाला असतात, तेव्हा काढलेलं काड तिथेच न टाकता कंपोस्टमध्ये न्यावं.

लाल पानांची इथियोपियन केळ, एन्सेट, हे वेगळं प्रकरण आहे. तिला मुनवे येत नाहीत आणि गड्ड्यातून पुन्हा फुटण्याचा भरवसा नाही, म्हणून तिला जमिनीत गुंडाळून ठेवणं म्हणजे नशिबावर सोडणं. फ्रॉस्टच्या आधीच, ऑक्टोबरात, ती मुळांसकट खणून काढावी. मधला पोंगा सोडून सगळी पानं कापावीत, माती झटकावी आणि दोन आठवडे उलटी टेकवून ठेवावी, म्हणजे देठांच्या बेचक्यांतलं पाणी निथळतं. नंतर 8-10 अंशांच्या कोरड्या जागी तशीच उभी करावी. हिवाळाभर पाणी नाही. मार्चमध्ये कुंडीत लावावी.

कर्दळ आणि डेलिया

कर्दळीला जमिनीत ठेवायचं की उकरायचं हे जमीन ठरवते. लंडनमध्ये, निचऱ्याच्या वाफ्यात, 15 सेंटिमीटर जाड आच्छादनाखाली ती बहुधा टिकते. मिडलंड्सची, म्हणजे मध्य इंग्लंडची, चिकणमाती किंवा त्याच्या उत्तरेकडचा प्रदेश असेल तर उकरावी. पानं फ्रॉस्टनं काळी पडली की देठ 15 सेंटिमीटरवर कापावेत आणि गड्डा काट्याच्या फावड्यानं लांबून उचलावा. माती हातानं झटकावी, धुऊ नये. डेलियाचे कंद ठेवतात तसे तिचे गड्डे कोरडे ठेवले तर सुरकुततात. म्हणून कुंड्यांत भरतात त्या कंपोस्टमध्ये, ते जेमतेम दमट ठेवून, 5 ते 10 अंशांवर ठेवून महिन्यातून एकदा चाचपून बघावेत. मार्चमध्ये डोळे असलेले तुकडे करून 16 अंशांच्या वर कुंड्यांत लावले तर जुलैत फुलं येतात. थेट जमिनीत राहिलेली कर्दळ फुलायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो.

गड्डे विकत घेताना एका गोष्टीत कसूर करू नये. ब्रिटनमधल्या कर्दळींमध्ये विषाणू मोठ्या प्रमाणात पसरलेला आहे. पानांवर शिरांना समांतर फिकट रेघा, पुढे तपकिरी ठिपके आणि खुरटी वाढ ही लक्षणं. त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढून घरच्या कचऱ्यात टाकावं, कंपोस्टमध्ये नाही, आणि चाकू नीट धुवावा. वाळक्या गड्ड्यांच्या पिशवीवरचा फोटो बघून खरेदी करण्यापेक्षा पानांवर असलेली कर्दळ बघून घ्यावी.

डेलियाचे देठ पोकळ असतात, आणि त्यांतलं पाणी मानेत उतरलं की मान सडते. पुढचे कोंब मानेवरच्या डोळ्यांतूनच येतात, नुसता जाडजूड कंद काहीच उगवत नाही. उकरल्यावर 10-15 सेंटिमीटर देठ ठेवून कंद दोन-तीन आठवडे उलटे टांगावेत किंवा ठेवावेत. मग जवळजवळ कोरड्या कंपोस्टमध्ये, 5 अंशांच्या आसपास, न गोठणाऱ्या जागी ठेवावेत.

सोनटक्का, अळू, हळद

सोनटक्का म्हणजे हेडिकियम कोरोनेरियम. ब्रिटनच्या उघड्या बागेत त्याची अडचण जगण्याची कमी आणि फुलण्याची जास्त असते. फूल त्या वर्षीच्या देठाच्या टोकाला येतं. देठ वाढून कळी धरायला लांब, उबदार, दमट हंगाम लागतो, आणि कळी येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. तो कुंडीत लावून काचगृहात किंवा उजेडाच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत, लवकर सुरू करावा लागतो. जमिनीत लावायचा असेल तर त्याचे हिमालयाकडचे भाऊबंद घ्यावेत. हेडिकियम डेन्सिफ्लोरम, त्यातली 'आसाम ऑरेंज' ही निवड, किंवा नारिंगी फुलांची 'तारा' ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात आणि 15 सेंटिमीटर आच्छादनाखाली राहतात. कंद खोल पुरू नये, वरचा भाग मातीच्या लगेच खाली हवा.

अळूसाठी कुठल्या खास नर्सरीत जायची गरज नाही. भारतीय किराणा दुकानातल्या ताज्या, टणक, डोळे शाबूत असलेल्या अळकुड्या मार्चमध्ये कुंडीत 5 सेंटिमीटर खोल लावाव्यात. उगवण्यासाठी मातीला 20 ते 25 अंश ऊब लागते, तेव्हा रोपांसाठी मिळणारा विजेवर तापणारा ट्रे घ्यावा, नाहीतर कुंडी बॉयलरच्या कपाटात ठेवावी. कोंब दिसताच ती उजेडात आणावी. रात्री 10-12 अंशांच्या वर राहू लागल्या की, म्हणजे साधारण जून मध्यात, ती बाहेर काढावी. उन्हाळाभर अळूला कितीही पाणी चालतं, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तरी हरकत नाही. हीच सवय ऑक्टोबरात मोडायची. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद करावं आणि कुंडी 10 अंशांच्या आसपास कोरडी ठेवावी. वडीसाठी पानं हवी असतील तर खाण्याच्या अळकुड्यांपासूनच झाडं करावीत. काळ्या पानांचे शोभेचे प्रकार बागेसाठी ठेवावेत.

हळदीला पक्व व्हायला 8-9 महिने लागतात आणि ब्रिटनचा उबदार हंगाम जेमतेम 5 महिन्यांचा. फेब्रुवारीत घरात उगवून काचगृहात वाढवली तरच ओली हळद मिळते, तीही थोडी. पानांत पातोळ्या करायच्या असतील तर मात्र एक कुंडी पुरते.

ट्री फर्न आणि पाम

इथे चूक झाली तर भरून निघत नाही. डिक्सोनिया अंटार्क्टिका हा टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातला ट्री फर्न. त्याचं खोड वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतं, म्हणजे विकत घेतलेल्या एक मीटर खोडामागे 40 वर्षं आहेत. सगळी पानं एकाच शेंड्यातून येतात, आणि तो गेला तर खालून फुटवा येत नाही. तेव्हा नोव्हेंबरात शेंड्याच्या खळग्यात मूठ-दोन मूठ कोरडं काड सैलसर भरावं, जुनी पानं त्यावर दुमडून बांधावीत आणि वरून दुहेरी फ्लीस गुंडाळावं. उणे 5 च्या खाली बरेच दिवस राहणार असेल तर खोडालाही गुंडाळावं, कारण ते खोड मुख्यतः बाहेर गुंफलेल्या मुळांचं असतं. याच कारणानं उन्हाळ्यात पाणी बुडाशी न घालता खोडावरून सोडायचं, लावलेल्या पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत रोज. मार्चमध्ये काड काढायला विसरू नये, नाहीतर नवी गुंडाळलेली पानं त्यात वाकडी होतात.

चिनी पाम, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, रॉबर्ट फॉर्च्यूननं 1849 मध्ये चीनमधून ब्रिटनला पाठवला. रुजलेल्या झाडाला बहुतेक ठिकाणी काहीही गुंडाळावं लागत नाही, त्याला फक्त वारा आवडत नाही. पहिले दोन हिवाळे लहान रोपाचा पोंगा कोरडा ठेवावा. वसंतात पोंगा हलकेच ओढून पाहावा. सहज उपटून आला आणि टोक सडलेलं असलं तर खळगा स्वच्छ पुसून, पावसापासून झाकून, झाड तसंच ठेवावं. वाढीचं टोक त्याच्या खाली असतं, आणि ते शाबूत असेल तर काही महिन्यांनी नवा पोंगा दिसतो.

अगेव्ह, म्हणजे घायपात, आणि तत्सम मांसल पानांच्या झाडांना झाकण हवं असतं ते पावसासाठी. झाडावर चार खुंट्यांवर काच किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा ठेवावा, बाजू उघड्या ठेवाव्यात. लावतानाच झाड थोडं तिरकं लावलं तर मधे पाणी साचत नाही.

कढीपत्ता

एक गोष्ट आधी. ब्रिटनमध्ये भारतातून ताजा कढीपत्ता सामानातून आणायला बंदी आहे, रोपाला तर आहेच. त्यावरून येणारी सिट्रस सिला ही कीड संत्र्या-लिंबाच्या झाडांना ग्रीनिंग हा असाध्य रोग देते. रोप ब्रिटनमध्येच नर्सरीतून घ्यावं किंवा स्थानिक झाडाच्या ताज्या बिया पेराव्यात. वाळलेल्या बिया उगवत नाहीत.

हिवाळ्यात हे झाड घरातल्या सर्वांत उजेडाच्या, दक्षिणेकडच्या खिडकीत 12 ते 15 अंशांवर ठेवावं. रेडिएटरच्या वर नाही आणि रात्री पडद्यामागे काचेलगतही नाही. पानं गळतील, ती गळू द्यावीत. कुंडीची वरची 4-5 सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये, खत तर नाहीच. फांदी नखानं खरवडून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मार्चमध्ये नवे डोळे फुगले की मगच पाणी वाढवावं आणि कुंडी बदलायची असेल तर तेव्हा, एकाच माप मोठी. मोठ्या कुंडीतली जादा माती ओलीच राहते.

वसंतातली घाई

हिवाळ्यातून वाचलेली कितीतरी झाडं मे महिन्यात जातात. लंडनमध्ये शेवटचा फ्रॉस्ट बहुधा मेच्या मध्यापर्यंत संपतो, मिडलंड्समध्ये मे अखेरीस, स्कॉटलंडमध्ये जूनच्या सुरुवातीला. घरात वाढलेली रोपं थेट बाहेर काढली तर ऊन आणि वाऱ्यानंच पानं पांढरी होऊन जळतात. 10 ते 14 दिवस ती कणखर करावीत. पहिले काही दिवस सावलीत दोन-तीन तास, मग दिवसभर, मग सौम्य रात्री बाहेर. एखादं फ्लीस जूनपर्यंत दाराशीच ठेवावं.

आणि मेलेलं समजून उकरण्याची घाई करू नये. 2010 च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा 2022 च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा स्कॉटलंडच्या ब्रेमारमध्ये पारा उणे 17.3 पर्यंत उतरला होता, ब्रिटनभर कॉर्डिलाइनचे, म्हणजे पामसारख्या दिसणाऱ्या लांब पानांच्या झाडाचे, शेंडे गेले. त्यांतली पुष्कळ झाडं पुढच्या उन्हाळ्यात बुडापासून फुटली. केळीचे मुनवे मे अखेरीस दिसतात, जमिनीतली कर्दळ आणि हेडिकियम जूनमध्ये, कॉर्डिलाइन कधी कधी जुलैत. तोवर जागेवर एक काठी रोवून ठेवावी, म्हणजे मोकळी जागा समजून दुसरं काही लावताना फावडं कंदावर पडत नाही.